उत्तर खोडण्याआधी

दहावीच्या उत्तरपत्रिकांत एक ओळ वर्षानुवर्षे भेटते. आयताकृती वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा ३ मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ ४० चौरस मीटर आहे, तर रुंदी किती? विद्यार्थी रुंदी क्ष मानतो, क्ष² + ३क्ष − ४० = ० असे समीकरण मांडतो, अवयव पाडतो, क्ष = ५ किंवा क्ष = −८ अशी दोन उत्तरे काढतो आणि खाली लिहितो : ‘रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून क्ष = −८ अमान्य.’ पूर्ण गुण मिळतात, आणि ते योग्यच आहे. पण विचारली एक रुंदी आणि हाती आल्या दोन संख्या, तर दुसरी आली कुठून, हे विचारायला तासात वेळ उरत नाही. उणे आठवर काट मारली जाते आणि पुढचे उदाहरण फळ्यावर येते.

हा प्रश्न जुना आहे आणि मराठी मुलखाला तर घरचाच आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावाचे असल्याचे स्वतः सांगणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘बीजगणित’ लिहिले. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख आहे. या बीजगणितात वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला तर येतील तितकी वानरे रानात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत, कळप केवढा? उत्तर १६ किंवा ४८. सोळाचा आठवा भाग २, त्याचा वर्ग ४, अधिक १२, झाले १६. अठ्ठेचाळीसचा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२, झाले ४८. दोन्ही उत्तरे भास्कराचार्य मान्य करतात.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून जे उरेल त्याच्या वर्गाइतकी वानरे गुहेत शिरली आहेत आणि एकच फांदीवर दिसते आहे. उत्तर ५० किंवा ५. पाच ही संख्यादेखील समीकरणात चोख बसते : पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२, वर्ग ४, अधिक १, झाले ५. तरीही भास्कराचार्य पाच हे उत्तर घेत नाहीत. वर्ग करण्याआधीची राशी ऋण होते आणि ऋण राशी लोकांना पटत नाही, असे त्यांचे कारण आहे.

इथे थांबायला हवे. नाकारलेले उत्तर धन आहे! ‘ऋण आले की खोडा’ एवढाच नियम पाठ असलेला विद्यार्थी पाच आणि पन्नास दोन्ही लिहून मोकळा होईल. उत्तर ठेवायचे की सोडायचे हे त्याच्या चिन्हावरून ठरत नाही, त्यामागच्या गोष्टीवरून ठरते. ही गोष्ट डोळ्यांना दिसावी असे एक साधन शाळेत प्रत्येकाच्या दप्तरात असते. ते म्हणजे आलेख कागद.

दुसरे उदाहरण त्या कागदावर मांडून पाहावे. क्ष-अक्षावर कळपातील वानरांची संख्या घ्यायची आणि य-अक्षावर गुहेतली व फांदीवरची मिळून होणारी संख्या. क्ष = ० असता य = १०; पुढे ५ ला ५, १० ला २, १५ ला १, २० ला पुन्हा २, २५ ला ५, ३० ला १०, ४० ला २६ आणि ५० ला ५०. बिंदू जोडले की एक वाटीसारखा वक्र तयार होतो. त्याचा तळ १५ वर आहे. आता ‘मोजलेली वानरे म्हणजेच सगळा कळप’ ही अट, म्हणजे य = क्ष ही तिरपी सरळ रेषा, त्याच कागदावर ओढायची. ती वक्राला दोन ठिकाणी छेदते, ५ वर आणि ५० वर. पण हे दोन बिंदू वक्राच्या एकाच बाजूला नाहीत. १५च्या डावीकडच्या सगळ्या भुजेवर ‘पाचव्या भागातून तीन वजा’ ही राशी ऋण आहे, उजवीकडे धन आहे. पाच डाव्या भुजेवर बसले आहे, पन्नास उजव्या. पहिल्या उदाहरणाचा वक्र काढला तर त्याचा तळ शून्यावर येतो आणि १६ व ४८ दोन्ही उजव्याच भुजेवर सापडतात. म्हणून तिथे दोन्ही चालतात आणि इथे एकच. भास्कराचार्यांजवळ हे चित्र नव्हते. समीकरणाला वक्राशी जोडणारे देकार्तचे पुस्तक १६३७ साली आले. भास्कराचार्यांनी तो निवाडा संख्यांवरून केला. पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र तो पाहून करता येतो, आणि एकदा पाहिला की ती विसरत नाही.

पुढच्या पानांमागचा आग्रह एवढाच आहे. वर्गसमीकरण हा वक्राला विचारलेला एक प्रश्न आहे : अमुक उंचीवर तू कुठे असतोस? प्रश्न विचारायचा तर आधी ज्याला विचारायचा त्याची ओळख हवी. क्षची किंमत बदलत गेली की यची कशी बदलते हा सगळा प्रवास म्हणजे फल, कॉलेजात गेल्यावर ज्याला मुले फंक्शन म्हणू लागतात. आणि समीकरण म्हणजे त्या प्रवासातला एखादा थांबा. शाळेत क्रम उलटा पडतो. थांबे आधी पाठ होतात, रस्ता पुढे कधीतरी दिसतो.

राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात पहिले प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे आणि तिथे मुले आलेख काढतात, दोन रेषा कुठे छेदतात ते पाहतात. दुसरे प्रकरण वर्गसमीकरणांचे. तिथे भर असतो अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र या तीन पद्धतींवर. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात बहुपदींच्या प्रकरणात क्ष² − ३क्ष − ४ चा वक्र काढून त्याची शून्ये −१ आणि ४ दाखवली आहेत, पण तिथूनही वाचक लवकरच बीजगणिताकडे वळतो. पहिल्या प्रकरणात हाती आलेला आलेख दुसऱ्यात नेण्यासाठी शिक्षकाला दोन तास पुरतात. त्या दोन तासांचे काय करावे, यासाठी ही पाने आहेत.

पहिला तास विहिरीपासून सुरू करता येतो. खेड्यातल्या मुलांनी विहिरीत दगड टाकून ‘डुब्’ ऐकू येईपर्यंत आकडे मोजलेले असतात. दगड पहिल्या सेकंदात साधारण ५ मीटर पडतो, दोन सेकंदांत २०, तीन सेकंदांत ४५, चार सेकंदांत ८०. ही संख्यांची ओळ, सुरुवातीला ० धरून, फळ्यावर लिहावी आणि लगतच्या दोन-दोन संख्यांतली वजाबाकी करायला सांगावी : ५, १५, २५, ३५. पुन्हा वजाबाकी केली की १०, १०, १०. सरळ रेषेच्या तक्त्यात पहिली वजाबाकीच सारखी येते. इथे ती दुसऱ्या फेरीत सारखी येते. वर्गाची ओळख हीच. मधल्या ओळीला ५ ने भागले की १, ३, ५, ७ उरतात. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून हाच विषम संख्यांचा क्रम मांडला, आणि फेकलेली वस्तू या वक्राने जाते हे १६३८ साली लायडनमध्ये छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात सिद्ध केले.

आणि ५, १५, २५, ३५ ही ओळ दहावीच्या मुलांना अनोळखी नाही. ती अंकगणिती श्रेढी आहे, त्यांच्याच पुस्तकातले तिसरे प्रकरण. श्रेढीतल्या पहिल्या न पदांची बेरीज काढण्याचे सूत्र उलगडले तर त्यात न-वर्ग निघतो. म्हणजे दुसरे आणि तिसरे प्रकरण एकाच वक्राच्या दोन बाजू सांगतात. ही गोष्ट वर्गात मोठ्याने सांगितली जात नाही, याची खंत वाटते.

मग कागदावर बिंदू. य = क्ष² हा सगळ्यात साधा वक्र काढायला दिला की चुका रांगेने येतात, आणि त्या चुकांइतके चांगले शिक्षणसाहित्य दुसरे नाही. पहिली चूक वर्गाची : −३ चा वर्ग −९ लिहिला जातो आणि डावी भुजा खाली पाताळात जाते. दुसरी पट्टीची. रेषीय समीकरणांची सवय असलेला हात पट्टी लावून बिंदू जोडतो आणि तळाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखे टोक तयार होते. अशा वेळी ‘चूक’ म्हणण्यापेक्षा ० आणि १ यांच्या मध्ये अर्ध्याला य किती, हे विचारावे. पाव येतो, म्हणजे बिंदू पट्टीच्या रेषेखाली पडतो, आणि मुलगा स्वतःच पट्टी बाजूला ठेवतो. तिसरी चूक प्रमाणाची. १ सेमी = १ एकक हे प्रमाण रेषांना पुरले होते; इथे क्ष = ५ ला य = २५ होतो आणि वक्र कागदाबाहेर जातो. य-अक्षावर १ सेमी = ५ एकक घेतले की तोच वक्र पसरट दिसू लागतो. ‘मग हा अरुंद की रुंद?’ असे कुणी विचारले तर तो तासातला सोन्याचा क्षण मानावा. कारण सगळी अन्वस्ते, म्हणजे ज्यांना मुले पॅराबोला म्हणतात ते वक्र, मुळात एकाच आकाराची असतात. कुठले लहान, कुठले मोठे, इतकाच फरक. य = ५क्ष² चा वक्र पाचपट मोठा करून पाहिला तर तो य = क्ष² वर तंतोतंत बसतो.

तळाचा बिंदू, शिरोबिंदू, सापडला की पूर्ण वर्गाची पद्धत अचानक अर्थपूर्ण होते. क्ष² − ६क्ष + ५ ही राशी (क्ष − ३)² − ४ अशी लिहिता येते. वर्ग शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून क्ष = ३ ला य सगळ्यात कमी, −४. शिरोबिंदू (३, −४). मुळे १ आणि ५, तीनपासून दोन्हीकडे दोन-दोनवर. वर्ग पूर्ण करण्याची एक सुटसुटीत युक्ती, दोन्ही बाजूंना क्ष-वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणण्याची, भास्कराचार्यांनी श्रीधराचार्यांच्या नावाने नोंदवली आहे, आणि शाळेत पाठ होणारे सूत्र तिच्यातूनच निघते. त्या सूत्राचेही चित्रात दोन तुकडे पडतात. पहिला तुकडा सांगतो की घडीची रेषा, म्हणजे जिच्यावर दुमडले की वक्राच्या दोन भुजा जुळतात ती, कुठे आहे. अधिक-उणे चिन्हाचा दुसरा तुकडा सांगतो की त्या रेषेपासून मुळे किती दूर आहेत. विवेचक शून्य असेल तर अंतरच नाही, वक्र अक्षाला नुसता टेकतो. ऋण असेल तर वक्र अक्षापर्यंत पोचतच नाही. ‘वास्तव आणि असमान, वास्तव आणि समान, वास्तव नाहीत’ हे तीन ओळींचे पाठांतर तीन वाट्यांच्या चित्रात मावते.

मुले नेमकी कुठे अडखळतात यावर इस्रायलमधल्या ऑरिट झास्लाव्स्की यांनी दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांबरोबर काम करून १९९७ साली एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्यातले दोन अडथळे आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षकाला ओळखीचे वाटतील. एक, मुले आलेखाचा दिसणारा तुकडा म्हणजेच सगळा आलेख समजतात. चित्रात वक्र य-अक्षापर्यंत काढलेला नसेल तर तो अक्षाला कधी छेदतच नाही असे मानतात. दोन, समीकरण आणि फल यांची गल्लत. २क्ष² − ८क्ष + ६ = ० या समीकरणाला २ ने भागून क्ष² − ४क्ष + ३ = ० करणे बरोबरच आहे, मुळे तीच राहतात, १ आणि ३. पण य = २क्ष² − ८क्ष + ६ ला २ ने भागता येत नाही; भागले तर शिरोबिंदू −२ वरून −१ वर सरकतो आणि वक्र दुसराच होतो. अवयव पाडण्याआधी भागायची सवय जितकी पक्की, तितकी ही चूक खोल.

तिसरा गोंधळ अर्थ लावण्यातला आहे, आणि शिक्षकाने सर्वाधिक वेळ त्यावर द्यावा. चेंडू सरळ वर फेकला, सेकंदाला २० मीटर वेगाने. उंची साधारण २०ट − ५ट², इथे ट म्हणजे सेकंद. आलेख डोंगरासारखा निघतो आणि निम्म्याहून अधिक वर्ग ठासून सांगतो की चेंडू पुढे गेला आणि डोंगराच्या पलीकडच्या बाजूला पडला. चेंडू तर जागच्या जागी वर जाऊन खाली आला आहे! आडव्या अक्षावर अंतर नाही, वेळ आहे. इथे प्रत्यक्ष चेंडू वर फेकावा, एका मुलीने सेकंद मोजावेत, दुसऱ्याने बोट आलेखावरून फिरवावे. मग विचारावे, चेंडू १५ मीटर उंचीवर कधी होता? पहिल्या सेकंदाला आणि तिसऱ्या सेकंदाला. जाताना एकदा, येताना एकदा. या वेळी एकही उत्तर खोडायचे नाही.

कधीकधी उत्तर मुळांत नसतेच. चाळीस मीटर तारेची जाळी आहे, गोठ्याची भिंत एका बाजूला धरून शेळ्यांसाठी वाडगे करायचे आहे. भिंतीपासून बाहेर येणारी बाजू क्ष मीटर घेतली तर क्षेत्रफळ क्ष(४० − २क्ष). मुळे ० आणि २०. शेतकऱ्याला त्या दोन्हींचा उपयोग शून्य, कारण दोन्ही ठिकाणी शेळीला उभे राहायला जागा नाही. त्याला हवा वक्राचा माथा : क्ष = १०, क्षेत्रफळ २०० चौरस मीटर. आठ किंवा बारा मीटर घेतले तर १९२. माथ्याजवळ वक्र सपाट असतो, म्हणून खांब हातभर इकडेतिकडे रोवला गेला तरी फारसे बिघडत नाही. हे सूत्र सांगत नाही, आलेख सांगतो.

महाराष्ट्रातल्या मुलांना अन्वस्त पाहायला दूर जावे लागत नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडद येथे आणि आसपासच्या परिसरात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या ताटल्या भरीव पत्र्याच्या नाहीत. ताणलेल्या दोरतारांवर हलकी जाळी बसवली आहे, वारा तिच्यातून जातो. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, शाळा-शाळांची मुले तिथल्या प्रदर्शनाला येतात. ताटलीच्या तळापासून नाभीपर्यंतचे, म्हणजे लहरी जिथे गोळा होतात त्या बिंदूपर्यंतचे, अंतर सुमारे साडेअठरा मीटर. त्याची चौपट ७४, आणि अन्वस्तात क्ष² ला याच चौपटीने भागले की य मिळतो. म्हणून ताटलीच्या मधून घेतलेल्या छेदाचे समीकरण य = क्ष² ÷ ७४. मधापासून १० मीटरवर ताटली सुमारे १.३५ मीटर वर उचललेली असते, २० मीटरवर ५.४, आणि काठाला, २२.५ मीटरवर, ६.८ मीटरच्या आसपास. तळासह हे चार बिंदू मांडून काढलेला वक्र घेऊन खोडदला गेलेल्या मुलाला ती ताटली वेगळी दिसते. दूरच्या ताऱ्याकडून समांतर येणाऱ्या लहरी तिच्यावर कुठेही आदळल्या तरी नाभीपाशीच गोळा होतात, आणि हा गुण फक्त याच वक्राचा आहे. ‘मग आमच्या छतावरच्या डिशचा तो दांडा मधोमध का नसतो?’ असा प्रश्न येतोच. घरच्या बहुतेक डिश म्हणजे मोठ्या ताटलीचा बाजूचा कापलेला तुकडा असतो. नाभी त्या मोठ्या ताटलीची, म्हणून तुकड्याच्या मधावरून सरकलेली दिसते.

मात्र दिसेल तो वक्र अन्वस्त नव्हे, हेही सांगितले पाहिजे. दोन खिळ्यांना लटकवलेली साखळी अगदी तशीच दिसते. ख्रिस्तियान हायगेन्सने १६४६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ती अन्वस्त नसल्याचे दाखवले. वर्गात एखादी बारीक साखळी आलेख कागदावर चांगली खोल लटकवावी, दर दोन सेंटिमीटरला उंची वाचावी आणि विहिरीच्या तक्त्यासारखी दोनदा वजाबाकी करावी. दुसरी वजाबाकी काठाकडे जाताना वाढत जाते. साखळी ताणून उथळ धरली तर फरक मापात सापडणार नाही, म्हणून खोल.

मोबाइलवर जिओजिब्रासारखी मोफत साधने आहेत आणि ती वापरावीत. सरकपट्टी हलवून (क्ष − ३)² चा वक्र उजवीकडे का सरकतो, डावीकडे का नाही, हे त्यावर सुरेख दिसते. पण आधी निदान तीन वक्र हाताने निघालेले असावेत. बोटाने ओढून मोठा-लहान केलेला वक्र प्रमाणाचा प्रश्न मनात येऊच देत नाही.

या पानांतला शेवटचा पाठ वाफ्याकडे परततो. य = क्ष(क्ष + ३) हा वक्र −९ पासून ६ पर्यंत काढायचा, य-अक्षावर १ सेमी = ५ एकक धरून, आणि ४० वर आडवी रेषा ओढायची. उजवीकडे ती ५ ला छेदते : बाजू ५ आणि ८. डावीकडे −८ ला : बाजू −८ आणि −५. वाफा तोच, फक्त दोन्ही बाजू उण्यात मोजलेल्या आणि त्यांची अदलाबदल झालेली. मग कागद −१.५ वरच्या उभ्या रेषेवर दुमडायचा आणि खिडकीच्या उजेडाला धरायचा. दोन भुजा एकीवर एक येतात, आणि पाचवरचा बिंदू उणे आठवरच्या बिंदूला झाकतो.